कुंकू लावलेलं पुस्तक

दादांनी पुण्याहून मागवलेली ती कादंबरी माझ्याच्यानं पुरी झाली नाही. पुढे तीसेक वर्षं शाळेत मी मुलींना बजावत आले, की हाती घेतलेलं पुस्तक शेवटपर्यंत वाचावं, आणि बजावताना दर वेळी मला ती कादंबरी आठवायची. कापडी पुठ्ठ्याची, चांगली जाडजूड, आणि अर्ध्याच्या जरा अलीकडे मोरपीस घालून ठेवलेली. ते मोरपीस तिथून पुढे कधी सरकलंच नाही. का सरकलं नाही, हे मी मुलींना कधी सांगितलं नाही. आता सांगायला हरकत नाही. ज्यांना वाईट वाटलं असतं ती माणसं राहिली नाहीत.

आम्ही तेव्हा मेहकरला राहायचो. बालाजीच्या देवळाकडे जाणाऱ्या बोळात भाड्याच्या तीन खोल्या, पुढे ओसरी, मागे परस आणि त्यात आईची तुळस. वडील तहसिलीत कारकून. त्यांची धाकटी बहीण त्यांना दादा म्हणायची, म्हणून मीही दादाच म्हणायची. ही त्यांची बहीण म्हणजे गोदाआत्या. सोळाव्या वर्षी विधवा होऊन परत आली, आणि मी सांगते आहे तेव्हा बावीस-तेवीस वर्षांची होती. दादांनी तिचे केस राहू दिले होते. त्यावरून गावात पुष्कळ बोलणं झालं आणि दादांनी ते छाती काढून सोसलं. पण सुधारणेचा आपला वाटा एवढ्यावर उरकला, असं त्यांना वाटत असावं. बाकी गोदाआत्या पहाटे उठायची, जात्यावर बसायची, भाकऱ्या थापायची, तुरीचं वरण हाटायची, आणि कोणी सवाष्ण घरी आली की आतल्या खोलीत जायची.

दादा विद्यार्थी असताना दोन वर्षं पुण्यात राहिले होते आणि येताना तिथली भाषा घेऊन आले होते. ते घरात असले की आम्ही 'मला-तुला' करायचो. छत्री घेऊन ते कचेरीकडे वळले, की ओसरीपासून परसापर्यंत 'मले-तुले' सुरू. पुस्तकांचा त्यांना भारी सोस. बायकांच्या कानावर चांगलं वाङ्मय पडलं पाहिजे असं त्यांचं मत होतं, आणि मी मराठी चौथी पास झालेली होते, म्हणून वाचनाचं काम माझ्याकडे. दुपारची जेवणं झाली, चूल सारवून झाली, की आई आणि आत्या सुपात डाळ घेऊन बसायच्या आणि मी त्यांच्यासमोर पाटावर. रोज एक प्रकरण. संध्याकाळी दादा पाय धुता धुता विचारायचे, "आज कुठवर आलं?" आणि मी पान सांगायची.

कादंबरी एका विधवेची होती. दादांनी मुद्दामच ती निवडली असणार, आणि त्यात त्यांचा हेतू वाईट नव्हता. नायक वकील, त्याचे मित्र वकील, सगळे मिळून नदीकाठी फिरायला जायचे आणि विधवांचं काय करावं यावर वाद घालायचे. एकेक वाद आठ-आठ पानांचा. ज्या बाईवरून हे चाललेलं, ती माजघरात पदर सावरून उभी. सुस्कारा टाकायची, डोळे पुसायची, की पुन्हा नदीकाठ. आईला पहिल्या पानालाच डुलकी लागायची. आत्या मात्र जीव कानात आणून ऐकायची. आठ-दहा दिवस झाल्यावर तिनं सूप खाली ठेवलं आणि मला विचारलं, "अवं, ते बाई काऊन काही बोलत नाही?"

मी म्हटलं, "बोलंल ना पुढं."

"पुढं कवा? अर्धं पुस्तक होत आलं. तिले काय पाह्यजे ते कोणी तिले इचारतच नाही. पाह्य बरं शेवटचं पान. काय होते तिचं?"

मी शेवटचं पान उघडलं. बाई तापानं मेली होती. नायक तिच्या तसबिरीसमोर उभा राहून काहीतरी प्रतिज्ञा करत होता. मी तेरा वर्षांची होते, फार शहाणी नव्हते, पण समोर आत्या बसली होती आणि तिचे हात डाळीत तसेच थांबलेले होते. मी पुस्तक मिटलं. "कळत नाही काही," म्हणाले, "लई जड भाषा आहे." दुसऱ्या दिवशी माझे डोळे दुखले, तिसऱ्या दिवशी डोकं. मग आईच कुरकुरली, की सुरू केलेली पोथी अशी अर्धी ठेवू नये, घराला बरं नसतं. तिच्या लेखी छापलेलं सगळं पोथीच. दादांना मी पान सांगत राहिले, रोज दहा-बारा पानं पुढचं. त्यांचा माझ्यावर विश्वास होता.

याच सुमारास मार्थाबाई आमच्याकडे यायला लागल्या. गावाबाहेर मिशनचा बंगला होता, तिथून त्या दर गुरुवारी निघायच्या आणि घरोघर बायकांना अक्षरओळख करून द्यायच्या, गोष्टीची पुस्तकं वाचायला द्यायच्या. उंच, काळ्या, पांढरं पातळ, खांद्याला कापडी पिशवी. मूळच्या धामणगाव बढ्याकडच्या. आई त्यांना ओसरीच्या कडेला बसवायची आणि पाणी वरून ओंजळीत ओतायची. त्या दोन्ही हात पुढे करून ते प्यायच्या आणि पदरानं तोंड पुसून हसायच्या. आज ती धार आठवली की मला माझीच लाज वाटते. तेव्हा वाटली नव्हती, हेही लिहून ठेवते.

पुस्तक मार्थाबाई पायरीवर ठेवायच्या, मी उचलायची. मग ते घरात न्यायचं कसं, हा आईपुढे पेच. कापड असतं तर धुतलं असतं, भांडं असतं तर घासलं असतं. तिनं आपल्या मनानंच तोड काढली, की तुळशीपाशी घटकाभर उन्हात ठेवलं की पुस्तक सोवळं होतं. कोणत्याही शास्त्रात हे नसेल, पण त्या उन्हाळ्यात मिशनच्या छापखान्याची पाच-सहा पुस्तकं आमच्या परसात कुरडया आणि बिबड्यांच्या शेजारी वाळत पडायची, आणि आत्या कावळे हाकलायच्या निमित्तानं त्यांची चित्रं बघत बसायची.

काय पुस्तकं ती! पातळशी, मोठ्या टाइपाची, वर एक चित्र. आयुष्यभर वाङ्मय शिकवलेली मी, मला विचाराल तर त्यांत फारसं काही नव्हतं. वाईट माणूस पहिल्या ओळीपासून वाईट. दारू पिणारा नवरा, छळणारी सासू, मग कोणाला तरी ताप, मग दाराशी पाद्री, आणि शेवटी सगळ्यांचा बाप्तिस्मा. प्रत्येक प्रकरणात दोन पानं उपदेश. त्याला आम्ही लवकरच सरावलो. मी वाचता वाचता थांबायची, "आत्या, उपदेश आला." ती म्हणायची, "वलांड." पण त्या गोष्टींतल्या बायका बोलायच्या, भांडायच्या, रस्त्यानं एकट्या चालायच्या, दवाखान्यात काम करायच्या, आणि मुख्य म्हणजे शेवटच्या पानापर्यंत जिवंत राहायच्या. मी दर वेळी आधी शेवटचं पान बघून घ्यायची. हे काम माझ्याकडे कोणी दिलं नव्हतं, पण मी ते करायची.

आमच्याकडे कहाणी ऐकायची म्हणजे मूठभर अक्षता हातात धरून. दुसरी रीत ठाऊकच नव्हती. त्यामुळे मिशनची गोष्ट सुरू झाली, की आई आणि आत्या डाळ बाजूला सारून अक्षता घ्यायच्या, आणि प्रकरण संपलं की पुस्तकावर वाहायच्या. मग पुस्तक नुसतं जमिनीवर कसं ठेवायचं, म्हणून चौरंग आला. चौरंग आला म्हणून फूल आलं. आत्याला हळदकुंकवाला हात लावता येत नव्हता, म्हणून ती मला म्हणायची, "तू लाव वं, माह्याकडून." मी पुस्तकाच्या कोपऱ्याला बोटानं कुंकू टेकवायची. येशूचं आणि आमच्या देवांचं काय नातं, याचा विचार आमच्यापैकी कोणी केला नाही. चांगली गोष्ट आहे, मनाला बरं वाटतं, म्हणजे देवाचीच असणार.

त्यातली एक गोष्ट भागूबाईची. भागूबाई विधवा, दिराच्या घरी राबणारी. एके दिवशी ती घरातून निघते, पायी पायी मिशनच्या दवाखान्यात पोहोचते, लिहायला शिकते, आणि पुढे मुलींच्या शाळेत मास्तरीण होते. एका पानावर असं होतं, की भागूबाईनं सकाळी आपल्या खोलीला कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोवली आणि ती शाळेत गेली. लिहिणाऱ्यानं सहज लिहिलेलं वाक्य, पुढचा उपदेश लवकर गाठायचा म्हणून. आत्यानं मला थांबवलं. "परत वाच." मी वाचलं. "तिची खोली? तिची एकटीची?" मी म्हटलं हो. "परत वाच." असं तीनदा. चौथ्या वेळी तिनं पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि त्या ओळीवर बोट ठेवून स्वतः एकेक अक्षर लावू लागली. त्या आठवड्यात ती चुलीपुढे राखेत अक्षरं काढायची. पावसाळा लागेपर्यंत तिला वाचता येऊ लागलं, अडखळत, ओठ हलवत. मी कशी विसरेन ते ओठ. घरातलं दुसरं काही मला इतकं स्पष्ट आठवत नाही. आईचा चेहरासुद्धा कधी कधी पुसट होतो.

एका गुरुवारी तिनं ओसरीवर येऊन मार्थाबाईंना विचारलं, "बाई, अशी जागा खरंच असते काय? का नुसती पुस्तकात?"

"असते ना, माय. आमच्या बंगल्यातच तीन जणी हायत. आन मास्तरणीचं शिक्षण सरकारबी देते, तिकडं अमरावतीले. तथी तं तुमच्यातल्याबी बाया येते."

"बाटावं नाही लागत?"

मार्थाबाईंनी हो म्हटलं असतं तर त्यांच्या बंगल्यात शाबासकी मिळाली असती. "अमरावतीले नाही लागत," त्या म्हणाल्या. "माह्याकडं आली तं मले आनंद होईन, मी खोटं काऊन बोलू? पण तुले मास्तरीणच व्हायचं असंल तं तथी जा. भावाले इचार."

आत्यानं भावाला विचारायचा धीर गोळा करायला श्रावण उजाडला. तोवर भागूबाई संपत आली होती, आणि संपत आली म्हणून आईच्या मनानं घेतलं, की समाप्ती रीतसर झाली पाहिजे. मागची पोथी अर्धी राहिली, ही तरी पुरी होते आहे. शुक्रवार धरला. आत्यानं आत बसून शिरा केला, केळं घालून, तुपानं पातेल्याची कड सुटेपर्यंत परतून. आईनं शेजारच्या गंगाकाकूंना सवाष्ण म्हणून बोलावलं. गंगाकाकूंचे यजमान दादांच्याच कचेरीत. काकू आल्या, चौरंगापुढे वाकून नमस्कार केला, अक्षता घेऊन बसल्या. मी शेवटचं प्रकरण वाचलं, उपदेश वलांडून. पाद्री आला तिथं मी 'साधू' म्हणाले. काकूंच्या डोळ्यांना पाणी आलं. "कोणाची म्हणायची ही पोथी?" त्यांनी शिऱ्याचा घास घेत विचारलं.

"भागूबाईची," आई म्हणाली. तिला खरंच एवढंच ठाऊक होतं.

मार्थाबाईंचा वार गुरुवार. पण आदल्या दिवशी नदीला पूर होता आणि त्यांना पलीकडच्या वस्तीवरून परतता आलं नव्हतं, म्हणून त्या शुक्रवारी आल्या. ओसरीच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांची नजर चौरंगावर गेली. पुस्तकाला कुंकू, वर जास्वंदीचं फूल, पुढे नैवेद्याची वाटी. त्या बघतच राहिल्या. मला वाटलं आता रागावणार. "अवं माय," त्या म्हणाल्या, "हे तं माह्यं पुस्तक. इतक्या मानानं तं आमच्या बंगल्यातबी कोणी ठेवत नाही."

गंगाकाकूंचा हात तोंडापाशी थांबला. मग त्या उठल्या, परसात धावल्या आणि मोरीपाशी थुंकू लागल्या. "बाटवलं वं मले! किरिस्तावाचा परसाद चारला!" अर्धी वाटी तर पोटात गेली होती. मला मात्र, खरं सांगते, हसू आलं, आणि त्या हसण्याची सल अजून जात नाही. मी आतल्या दाराकडे पाहिलं. आत्या उंबऱ्याआड उभी होती, हातात कालथा, आणि ती काकूंकडे बघत नव्हती. मार्थाबाई मुकाट्यानं मागे फिरून निघाल्या होत्या, तिकडे बघत होती.

दिवेलागणीला दादा आले तेव्हा बातमी त्यांच्याआधी कचेरीत पोहोचून परतलेली होती. त्यांनी पाय धुतले नाहीत. चौरंग अजून तिथंच होता. "ही पुस्तकं उद्या मी स्वतः परत करीन," ते म्हणाले. "आणि त्या बाईंनी या दारात यायचं नाही." मग माझ्याकडे वळले. "एवढी उत्तम कादंबरी आणून दिली. मराठीत तशी दुसरी नाही. ती सोडून हे? खरं सांग, कुठवर आली होतीस?"

मी मोरपिसाचं पान सांगितलं.

आत्या बाहेर आली. दादांसमोर ती कधी अशी येऊन उभी राहिलेली मी पाहिली नव्हती. "तिच्यावर रागावू नको, दादा. ते तुह्यं पुस्तक मी वाचलं. मले वाचता येते आता." दादांनी मान वर केली. "शेवटचं पान वाचलं. मरते ते बाई. हिनं मले सांगितलं नाही, माह्यासाठी लपवलं पोरीनं. दादा, तुह्या पुस्तकात सगळे तिच्यासाठी रडते, आन कोणी तिले शाळेत घालत नाही. मले नाही मरायचं तसं. मी बाटत नाही, तुह्यं नाव जाऊ देत नाही. मले अमरावतीले धाड. मास्तरीण होऊ दे."

दादांना संताप आला असता तर बरं झालं असतं. ते खाली बसले, ओसरीच्या त्याच कडेला, जिथं मार्थाबाई बसायच्या, आणि बराच वेळ कपाळ धरून राहिले. "बघू," म्हणाले. त्या रात्री ते जेवले नाहीत. आत्या जेवली. तिला वाटलं, बघू म्हणजे बघणार.

त्यांनी बघितलं, असं मी म्हणेन. अर्ज मागवला, कचेरीतल्या कोणाकोणाशी बोलले. पण आईला दिवस गेले होते, घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं, आणि समाप्तीच्या शिऱ्यावरून बोळात अजून तोंडं मुरडली जात होती. विधवा बहीण आता घराबाहेर पाठवली तर लोक काय म्हणतील, ते ठरलेलंच होतं. असं करता करता उन्हाळा आला. मग एक दिवस त्यांनी सांगितलं, की अमरावतीला जायचं ठरलं आहे. आत्यानं हातातली परात खाली ठेवली. "मुलींच्या शाळेत जागा मिळाली," दादा म्हणाले, "हिला." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. आपण कोणाचं कोणाला दिलं, हे त्यांना कळत होतं. म्हणूनच ते लगेच उठून बाहेर गेले.

माझी ट्रंक आत्यानं भरली. मोटार अड्ड्यावर ती येऊ शकली नाही, दारातूनच निरोप. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "सगळं लिहून कळव. काय शिकवते, कोण शिकवते, तथल्या बाया कशा राह्यते." मी कळवत राहिले. तिची उत्तरं यायची, वेडीवाकडी, चुलीपुढे लिहिलेली, कधी पिठाचा डाग असलेली. मी मास्तरीण झाले. अकोल्याला नोकरी लागली, राहायला दोन खोल्या मिळाल्या. तोवर आत्या पस्तिशीची झाली होती आणि माझ्या धाकट्या भावाला तिनंच वाढवलं होतं.

तिथं तिचं एक पत्र आलं. "आता इकडे माझी गरज नाही. तुझ्याकडे येऊ का? स्वयंपाक मी करीन. दुपारी तुझ्या वर्गात मागे बसू देशील? कोणाला त्रास देणार नाही." मी ते पत्र चार दिवस उशीखाली ठेवलं. आमच्या शाळेच्या मुख्य बाई मोठ्या टापटिपीच्या, सोबतिणी शिकलेल्या घरांतल्या. मागच्या बाकावर लाल लुगड्यातली, मले-तुले करणारी, ओठ हलवत वाचणारी आत्या मी डोळ्यांपुढे आणली आणि मला शरम वाटली. मी लिहिलं, यंदा जागा फार अडचणीची आहे, पुढे बघू.

तिनं उलट टपाली लिहिलं, "तुझ्या सोयीनं कर." त्या थंडीत तिला ताप आला आणि आठ दिवसांत ती गेली.

दादांचा मी किती वर्षं राग केला होता. त्यानंतर मला तो कधी नीट करता आला नाही. निवृत्त होऊनही आता पुष्कळ दिवस झाले. वर्गात शिकवत असताना मागचा एक बाक मी कायम रिकामा ठेवायची. मुली विचारायच्या, मी सांगायची नाही. जागा अडचणीची नव्हती. दोन्ही खोल्या चांगल्या ऐसपैस होत्या, आणि त्यांतली एक नुसती पडून होती.